वॉरंटच्या ठरावावर मत देण्याआधी: आपल्या कंपनीचा पैसा अडकलाय कुठे?

कोथरूडची भागधारक

सप्रेम नमस्कार. मशीनवरचे सेन्सर आणि त्यांचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या भोसरीच्या आपल्या या कंपनीचे शेअर ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांना विशेष सर्वसाधारण सभेची नोटीस ईमेलवर आली असेल. बहुतेकांनी ती उघडली नसेल, कारण सध्या सगळ्यांचे डोळे भावावर लागलेत. भाव वरच्या टोकापासून निम्म्याच्याही खाली आलाय, आणि भागधारक भेटले की तोच विषय निघतो. मला भावाबद्दल बोलायचं नाही. सप्टेंबर २०२४ नंतर २०२५ च्या मार्चपर्यंत बहुतेक सगळे स्मॉलकॅप झोपले, त्यात चांगल्या कंपन्याही होत्या. भाव पडला म्हणून व्यवस्थापन वाईट आणि चढला म्हणून चांगलं, असं मी मानत नाही.

मला बोलायचंय ते नोटिशीतल्या एका ठरावाबद्दल. प्रमोटर, म्हणजे संस्थापकांच्या कुटुंबाला वॉरंट (आज ठरलेल्या किमतीला पुढे शेअर घेण्याचा हक्क) द्यायचे आहेत आणि कारण लिहिलंय, ‘खेळतं भांडवल व कंपनीचे सर्वसाधारण कामकाज’. जी कंपनी वर्षानुवर्षं नफा दाखवते तिला रोजच्या खर्चासाठी बाहेरून पैसा का लागावा? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून मागच्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल काढून बसले. नोकरीत आयुष्यभर हिशेबच तपासले आहेत, त्यामुळे ते वाचायचा कंटाळा येत नाही.

नफा-तोटा पत्रक वाचलं तर सगळं आलबेल आहे. विक्री वाढतेय, नफा वाढतोय. पण रोख प्रवाहाचं पान उघडलं की चित्र पालटतं. तीन वर्षांचा नफा एकत्र केला आणि धंद्यातून प्रत्यक्ष हातात आलेली रोकड त्याच्या शेजारी मांडली, तर रोकड नफ्याच्या निम्मीही भरत नाही. आणि जी येते त्यातलीही बरीचशी पुढच्याच ओळीत ‘विकसित होत असलेली अमूर्त मालमत्ता’ या नावाखाली बाहेर जाते. म्हणजे सॉफ्टवेअर बनवण्याचा खर्च नफ्यातून वजा न करता मालमत्ता म्हणून ताळेबंदात चढवला जातो.

हे बेकायदा नाही, हे आधीच सांगते. अमूर्त मालमत्तेसाठीचं जे लेखा मानक आहे, इंड एएस ३८, त्यात त्याची मुभा आहे. पण अटी आहेत. संशोधनाच्या टप्प्यावरचा खर्च त्या-त्या वर्षी खर्चातच टाकावा लागतो. विकासाचा खर्च मालमत्ता धरायचा तर ते उत्पादन तांत्रिकदृष्ट्या पूर्ण होऊ शकतं, कंपनीला ते पूर्ण करून विकायचं आहे, त्यासाठी पैसा आणि माणसं आहेत, त्यातून उत्पन्न येईल आणि झालेला खर्च नीट मोजता येतो, हे सगळं दाखवावं लागतं. आणि जे उत्पादन अजून वापरायला तयार नाही, त्याची किंमत खरंच तेवढी उरली आहे का, हे दरवर्षी तपासावं लागतं.

आता ज्यांच्याकडे अहवाल आहे त्यांनी कृपा करून मागच्या टिपांमध्ये दोन तक्ते शोधा. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात दुरुस्ती झाली, त्यामुळे १ एप्रिल २०२१ पासून हे तक्ते द्यावेच लागतात. एक येण्यांचा: सहा महिन्यांच्या आतली उधारी किती, सहा महिने ते वर्ष किती, एक ते दोन, दोन ते तीन आणि तीन वर्षांपुढची किती. दुसरा विकसित होत असलेल्या अमूर्त मालमत्तेचा, त्यातही असेच वर्षांचे रकाने असतात. आपल्या कंपनीच्या दोन्ही तक्त्यांत आकडे दरवर्षी उजवीकडे सरकत चाललेत. उधारी म्हातारी होतेय आणि जे सॉफ्टवेअर ‘बनतंय’ ते बनून संपतच नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: या दोन तक्त्यांचा खुलासा मिळेपर्यंत वॉरंटच्या ठरावाला हो म्हणू नये. तुम्हाला काय वाटतं?


धनकवडीचा ट्रेडर

ताई, एवढं वाचण्यापेक्षा चार्ट बघा. शेअर दोनशे दिवसांच्या सरासरी भावाखाली कधीच गेलाय. वर गेला की व्हॉल्यूम नाही, खाली आला की व्हॉल्यूम आहे. मोठं कुणीतरी हळूहळू बाहेर पडतंय. मी वरच निघालो. लोक अजून पडत्या भावात आणखी घेऊन ॲव्हरेज करतायत, ते मला पटत नाही.

ज्यांना निघायचंय त्यांना एक कामाची गोष्ट सांगतो. वर्षापेक्षा जास्त धरलेला शेअर तोट्यात विकलात तर तो दीर्घ मुदतीचा तोटा आठ वर्षं पुढे नेता येतो आणि पुढच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यातून वळता होतो. मात्र रिटर्न मुदतीत भरलेलं असलं पाहिजे. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आहे, वर्षाला सव्वा लाखापर्यंत माफ. तोटा झालाच आहे तर तो निदान कागदोपत्री वाया घालवू नका.


चाकणचा मेंटेनन्सवाला

मी भागधारक आहेच, पण त्याआधी ग्राहक आहे, म्हणून लिहितो. आमच्या कारखान्यात त्यांचे सेन्सर सीएनसी मशीनच्या स्पिंडलवर लावलेत. बेअरिंग जायच्या आधी त्याचं कंपन बदलतं, कानाला ते ऐकू येत नाही, पण सेन्सर पकडतो. मागच्या पावसाळ्यात एका मशीनवर इशारा आला. पोरं म्हणाली मशीन तर छान चालतंय. तरी शनिवारच्या सुट्टीत उघडलं, तर बेअरिंगच्या आतल्या रिंगवर खवले उडालेले. ते तसंच आठवडाभर चाललं असतं तर स्पिंडलच गेला असता, आणि तो परदेशातून यायला महिने लागतात. तेव्हा माल खरा आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो.

पण सेवा घसरलीय. आधी फोन केला की दुसऱ्या दिवशी इंजिनिअर हजर व्हायचा. आता नवनवीन मुलगा येतो, त्याला आमची लाइन माहीत नसते, आणि तोवर आधीचा सोडून गेलेला असतो. सेन्सरची बॅटरी बदलायला महिना लावला त्यांनी. आमच्या खरेदी विभागाने त्यावर बोट ठेवून बिल रोखून धरलंय. ताईंनी म्हटलेली ‘म्हातारी उधारी’ ती अशी तयार होते. आमच्यासारखे अजून असतील.


संस्थापकांचा जुना सहकारी

इथे व्यवस्थापनाच्या बाजूनेही कुणी बोललं पाहिजे. मी संस्थापकांसोबत सुरुवातीची काही वर्षं काम केलंय. त्या वेळी पुण्यात पैसा करायचा सोपा रस्ता माणसं पुरवण्याचा होता. इंजिनिअर घ्या, परदेशी ग्राहकाकडे तासावर लावा, दर महिन्याला बिल करा. यांनी तो रस्ता मुद्दाम सोडला. स्वतःचं उत्पादन करायचं म्हणून घर गहाण ठेवलं. हार्डवेअरसकट औद्योगिक उत्पादन उभं करायला वेळ लागतो, आणि त्या काळात खर्च आधी होतो, उत्पन्न मागून येतं. तो खर्च मालमत्ता म्हणून न दाखवता सगळा त्याच वर्षी खर्ची टाकला असता तर कंपनी कायम तोट्यात दिसली असती आणि बँकेने दारात उभं केलं नसतं.

वॉरंटचंही तेच. प्रमोटर स्वतःच्या खिशातून पैसे घालतायत. पडत्या बाजारात कोण घालतो? याला विश्वास म्हणायचं की लूट? मला ठरावात गैर काहीच दिसत नाही. मी बाजूने मत देणार.


हिंजवडीहून, पूर्वी तिथेच

मी या कंपनीत डेव्हलपर होतो. नाव आणि वर्षं लिहीत नाही, पण वरच्या दोन्ही प्रतिसादांत तथ्य आहे म्हणून लिहावंसं वाटलं.

संस्थापक साहेब प्रामाणिक आहेत. कुणाचा पगार बुडवला नाही, कोविडच्या काळातही नाही. पण मालमत्ता चढवण्याची पद्धत आतून कशी होती ते सांगतो. आम्हाला रोज टाइमशीट भरावी लागायची. ग्राहकाकडचा बग सोडवला तर तो खर्च, नवीन प्लॅटफॉर्मचं काम केलं तर ते प्रकल्पाच्या कोडवर. कागदावर हे बरोबरच आहे. प्रत्यक्षात दिवसातले पाच-सहा तास जुन्या ग्राहकांच्या तक्रारी सोडवण्यात जायचे आणि शुक्रवारी मॅनेजर सांगायचा की या आठवड्यात प्रकल्पाच्या कोडवर तास कमी दिसतायत, जरा नीट बघून भरा. कुणी खोटं लिही असं म्हटलं नाही. पण सगळ्यांना कळायचं.

तो नवा प्लॅटफॉर्म मी जॉइन झालो तेव्हा ‘पुढच्या तिमाहीत’ येणार होता. मी सोडलं तेव्हाही पुढच्याच तिमाहीत येणार होता. मधल्या काळात त्याचा पाया एकदा पूर्ण बदलला, म्हणजे आधी लिहिलेल्यातलं बरंचसं टाकून दिलं. टाकून दिलेल्या कामाची किंमत ताळेबंदातून कमी झाली का, हे मला माहीत असायचं कारण नाही, पण भागधारकांनी ते विचारायला हवं.


कोथरूडची भागधारक

@हिंजवडीहून, मनापासून आभार. नेमकं हेच विचारायचं राहत होतं. पाया बदलला असेल तर जुन्या कामावरचा खर्च त्या वर्षी निर्लेखित व्हायला, म्हणजे मालमत्तेतून काढून खर्चात जायला हवा. अहवालात अशी एक ओळही नाही. ऑडिटरच्या अहवालातही ‘महत्त्वाच्या लेखापरीक्षण बाबी’ म्हणून फक्त महसुलाची नोंद आलीय, अमूर्त मालमत्ता नाही.

@जुना सहकारी, घर गहाण ठेवलं याबद्दल मला आदर आहे, दादा. मी पब्लिक इश्यूत शेअर घेतले ते त्याचमुळे. पण कंपनी बाजारात आणली त्या दिवसापासून ती फक्त त्यांची राहिली नाही. आणि ‘स्वतःच्या खिशातून’ म्हणताना वॉरंट म्हणजे नक्की काय, हे बघू या. सेबीच्या भांडवल उभारणीच्या (आयसीडीआर) नियमांप्रमाणे वॉरंट घेताना किमतीच्या किमान २५ टक्केच रक्कम भरावी लागते. उरलेली ७५ टक्के १८ महिन्यांत कधीही. भाव वाढला तर आजच्या पडलेल्या किमतीला शेअर घ्यायचे, नाही वाढला तर २५ टक्के सोडून द्यायचे आणि मोकळं व्हायचं. हा हक्क त्यांना मिळणार, आपल्याला नाही. ती किंमत ठरते सभेच्या ३० दिवस आधीच्या तारखेवरून, त्याआधीच्या ९० आणि १० व्यवहार-दिवसांच्या सरासरीत जी जास्त ती. भाव वर्षभर पडतोय म्हटल्यावर ही सरासरी कुठे येणार, ते सांगायला नको.

पैसा खरंच हवा असेल तर हक्कभाग काढा. राइट्स इश्यू. सगळ्या भागधारकांना एकाच किमतीला, ज्याच्या-त्याच्या प्रमाणात. प्रमोटरही घेतील, मीही घेईन. ज्याला घ्यायचे नाहीत तो हक्क विकू शकतो. एप्रिल २०२५ पासून सेबीने संचालक मंडळाच्या मंजुरीपासून राइट्स पूर्ण करायची मुदत २३ कामाच्या दिवसांवर आणलीय. वेळ नाही ही सबब आता राहिली नाही.


सदाशिव पेठेतले काका

ताई, तुम्ही चांगला विषय काढलात. मी बाजारात जुना आहे. कुमठेकर रस्त्यावर पुणे शेअर बाजार होता तिथे उभा राहून व्यवहार केलेत. १९८२ साली तो सुरू झाला, पुढे मुंबईच्या स्क्रीन आल्या, तिथला व्यवहार आटला आणि २०१५ मध्ये सेबीने त्याला बाहेर पडण्याची परवानगी दिली. तेव्हा शेअरचं कागदी सर्टिफिकेट हातात असायचं. भागधारक कंपनीच्या ऑफिसात जाऊन उभा राहायचा, सभेला जायचा, प्रश्न विचारायचा. हल्ली शेअर मोबाइलमध्ये आणि सभाही मोबाइलमध्ये. लोकांना आपण मालक आहोत हेच वाटेनासं झालंय.

धनकवडीकर म्हणतात निघा. त्यांचं तंत्र त्यांना लखलाभ होवो. पण सगळे निघाले तर विचारणार कोण?

क्विक हीलचा इतिहास बघा, आपल्याच पुण्यातली कंपनी. फेब्रुवारी २०१६ मध्ये ३२१ रुपयांना इश्यू आला आणि पहिल्याच दिवशी इश्यू किमतीखाली बंद झाला. पुढे किती वर्षं खालीच राहिला. तेव्हाही लोक असेच ओरडत होते. पण त्या कंपनीकडे रोकड होती आणि तिने २०१९ मध्ये २७५ रुपयांनी बायबॅक करून, म्हणजे स्वतःचेच शेअर परत घेऊन, ती भागधारकांना परत दिली. भाव पडलेला असतानाही भरवसा ठेवायला काहीतरी जागा होती. आपल्याकडे उलटं आहे. नफा आहे म्हणतात आणि पैसे मागतात. म्हणून ताईंचा प्रश्न भावाच्या प्रश्नापेक्षा मोठा आहे.


बाणेरचा गुंतवणूकदार

मला तर हे सगळं सत्यमसारखं वाटायला लागलंय. डिसेंबर २००८ मध्ये सत्यमने प्रवर्तकांच्या घरच्या दोन कंपन्या विकत घ्यायचं जाहीर केलं, भागधारक चवताळले आणि त्याच रात्री सौदा मागे घ्यावा लागला. मग ७ जानेवारी २००९ ला सगळं बाहेर आलं. इथेही तेच होणार नाही कशावरून?


सदाशिव पेठेतले काका

बाणेरकर, एवढी उडी घेऊ नका. सत्यममध्ये बँकेत नसलेली रोकड ताळेबंदात आहे असं दाखवलं होतं. इथे रोकड कमी आहे हे कंपनी स्वतःच दाखवतेय. आकडे लपवलेले नाहीत, लोकांनी वाचले नाहीत. घोटाळा आणि ढिसाळपणा यात फरक आहे, आणि पुराव्याशिवाय कुणाच्या अब्रूवर शब्द जाऊ नये. मात्र सत्यमच्या त्या डिसेंबरातून घेण्यासारखी एक गोष्ट आहेच: भागधारक ओरडले म्हणून एका रात्रीत सौदा फिरला. आवाज उठवला तर ऐकावं लागतं.


कंपनी सेक्रेटरी, कर्वेनगर

व्यवसायाने कंपनी सेक्रेटरी आहे, या कंपनीशी संबंध नाही, थोडे शेअर आहेत. दोन-तीन कायदेशीर मुद्दे स्पष्ट करतो.

बऱ्याच जणांना वाटतं की प्रमोटरांच्या फायद्याचा ठराव असेल तर प्रमोटर मत देऊ शकत नाहीत. संबंधित पक्षांच्या, म्हणजे कंपनी आणि तिच्या जवळच्या लोकांमधल्या, मोठ्या व्यवहारांना ते खरं आहे. पण नियमाप्रमाणे केलेला प्राधान्य इश्यू (इथल्या वॉरंटसारखा, ठरावीक लोकांनाच दिलेला) सेबीच्या लिस्टिंग नियमांत संबंधित पक्षाचा व्यवहार धरला जात नाही. म्हणजे इथे प्रमोटर स्वतःच्या ठरावाला स्वतः मत देणार. ते गृहीत धरूनच चला.

आता दिलासा देणारी बाजू. हा विशेष ठराव आहे. बाजूची मतं विरोधातल्या मतांच्या निदान तिप्पट हवीत. मोजणी पडलेल्या मतांचीच होते, न दिलेलं मत कुठेच धरलं जात नाही. गणित सोपं जावं म्हणून समजा प्रमोटरांकडे ४८ टक्के आहेत आणि ते सगळे बाजूने पडले. विरोधात १६ टक्क्यांपेक्षा जास्त पडले की ठराव पडला. बाहेरच्या भागधारकांकडे उरलेले ५२. त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी शेअरांची मतं विरोधात पडली तरी पुरे. त्यातले काही बाजूने गेले तर आकडा थोडा वर सरकेल एवढंच. पण होतं काय, की छोटे भागधारक मतच देत नाहीत. दोन-तीन टक्के विरोध पडतो आणि ठराव ९५ टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाला अशी बातमी येते.

मत देण्याचा हक्क कट-ऑफ तारखेला ज्याच्या नावावर शेअर आहेत त्याचा. ई-मतदान किमान तीन दिवस चालतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचला बंद होतं. आपले डीमॅट शेअर जिथे ठेवलेले असतात त्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या साइटवर लॉगिन करून मत देता येतं, त्याची पद्धत नोटिशीच्या शेवटी आहे. सभा व्हिडिओवर आहे. बोलायचं असेल तर आधी वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं, नोंदणीची तारीख नोटिशीत बघा. ऐनवेळी हात वर करून चालत नाही.

आणि पहिल्या व तिसऱ्या तिमाहीच्या निकालांवर कुणी निष्कर्ष काढू नका. त्यात ताळेबंद आणि रोख प्रवाह नसतो, तो सप्टेंबर आणि मार्चच्या निकालांतच येतो. नफा वाढल्याच्या बातम्यांवर भाव उसळतो तो नेमका याच दोन तिमाहींना, हे मी बऱ्याच छोट्या कंपन्यांत पाहिलंय.


संस्थापकांचा जुना सहकारी

सेक्रेटरी साहेबांचं गणित बरोबर आहे, पण ठराव पाडला तर पुढे काय, याचा विचार कुणी केलाय का? राइट्सला पडत्या भावात प्रतिसाद मिळाला नाही तर? बँका आधीच तारण मागतात. पैसा आला नाही तर पहिली कात्री इंजिनिअरांच्या पगारवाढीवर चालेल. चाकणवाल्या दादांची तक्रार आहे ना, की मुलं सोडून जातात? मग अजून जातील. व्यवस्थापनाला धडा शिकवण्याच्या नादात आपण आपल्याच कंपनीचा गळा आवळू.

मी मानतो की बोलणं कमी पडतंय. साहेबांना आकड्यांपेक्षा मशीनवर बोलायला आवडतं, पहिल्यापासून. वित्त अधिकारी दोन वर्षांत दोनदा बदलले, ते चांगलं नाही. पण त्यावर उपाय म्हणजे विरोधात मत?


चाकणचा मेंटेनन्सवाला

जुने सहकारी म्हणतात त्यात दम आहे. मला तर वाटतं पैसा येवो, पण तो जावा कुठे हे ठरवून येवो. वॉरंटचा पैसा त्या न संपणाऱ्या प्लॅटफॉर्मवर गेला तर आमच्या बॅटऱ्या तशाच राहणार. सेवा विभागात माणसं नेमली आणि आमच्यासारख्यांचे प्रश्न मिटवले तर रोखून ठेवलेली बिलं आपोआप सुटतील. त्याच पैशात काम भागेल कदाचित, बाहेरून आणायची गरजही पडणार नाही. हे बाहेरून बघणाऱ्याला दिसत नाही, पण कारखान्यात उभं राहिलं की दिसतं.


हिंजवडीहून, पूर्वी तिथेच

चाकणवाल्यांना पूर्ण पाठिंबा. सेवा विभागाला आत कुणी वालीच नव्हता. चांगला मुलगा असला की त्याला नव्या प्लॅटफॉर्मवर उचलून न्यायचे, कारण तिथलं काम ‘मालमत्ता’ होतं आणि सेवेचं काम ‘खर्च’. हिशेबाची पद्धत माणसांच्या नेमणुकीत उतरली. माझ्या मते कंपनीचं खरं दुखणं हेच आहे, आणि ते कुणी वाईट हेतूने केलेलं नाही. पण भागधारकांनी विचारलं नाही तर ते बदलणारही नाही.


धनकवडीचा ट्रेडर

हे वाचून एक विचारतो. मी शेअर विकलेत पण कट-ऑफला माझ्या बायकोच्या खात्यात अजून थोडे असतील. तिने मत दिलं तर चालेल ना?


कंपनी सेक्रेटरी, कर्वेनगर

@धनकवडी, ज्यांच्या नावावर त्यांनीच द्यायचं. वहिनींनी स्वतःच्या लॉगिनने अवश्य द्यावं. थोडे असले तरी मोजले जातात.


कोथरूडची भागधारक

सगळ्यांचं वाचलं. जुन्या सहकाऱ्यांचा मुद्दा मी हलका धरत नाही, दादा. ठराव पडला तर कंपनीला अडचण येईल, हे खरं. पण प्राधान्य इश्यूचा ठराव पडला म्हणून राइट्सचा रस्ता बंद होत नाही, त्याला भागधारकांची मंजुरीही लागत नाही, संचालक मंडळ उद्या ठरवू शकतं. प्रमोटरांना कंपनीवर विश्वास असेल तर राइट्समध्ये आपला हिस्सा पूर्ण घेऊ, आणि कुणी न घेतलेलेही घेऊ, असं त्यांनी लिहून द्यावं. मग सामान्य भागधारकही पैसे काढेल. तुमची संस्थापकांशी ओळख आहे, हे त्यांच्या कानावर घालाल का? सभेत शंभर लोकांसमोर ऐकण्यापेक्षा तुमच्याकडून ऐकलेलं त्यांना जास्त पटेल.

मी वक्ता म्हणून नाव नोंदवलंय. कंपनीला आधी ईमेलने पाठवायचे प्रश्न असे लिहिलेत, कुणाला भर घालायची असेल तर आज रात्रीपर्यंत सांगा:

‘एक वर्षापेक्षा जुन्या येण्यांपैकी किती रकमेवर ग्राहकाने सेवेतल्या त्रुटीमुळे वाद उपस्थित केला आहे, आणि त्यासाठी तरतूद का केली नाही? विकसित होत असलेल्या अमूर्त मालमत्तेत तीन वर्षांपेक्षा जुनी रक्कम कोणत्या उत्पादनाची आहे, ते उत्पादन बाजारात कधी येणार, आणि त्याची रचना बदलल्यावर आधीच्या खर्चाचं काय केलं? वॉरंटमधून येणाऱ्या रकमेपैकी किती सेवा विभागावर आणि किती नव्या प्लॅटफॉर्मवर खर्च होणार? हक्कभागाचा पर्याय संचालक मंडळापुढे आला होता का, आणि स्वतंत्र संचालकांनी त्यावर काय मत नोंदवलं?’

उत्तरं समाधानकारक मिळाली तर मत बाजूने द्यायला माझी ना नाही. पण दूरस्थ मतदान सभेच्या आदल्या दिवशीच बंद होतं. एकदा दिलेलं मत बदलता येत नाही. म्हणून ईमेलचं उत्तर त्याआधी मागितलंय.


कंपनी सेक्रेटरी, कर्वेनगर

ताई, प्रश्न चोख आहेत. एक सुचवतो. ज्यांनी दूरस्थ मत दिलं नाही त्यांना सभा चालू असताना ई-मतदान करता येतं. उत्तरं ऐकूनच ठरवायचं असेल तर आधी मत न देता सभेत लॉगिन करून द्या. मात्र सभा संपल्यावर मतदानाची खिडकी थोडाच वेळ उघडी असते, नोटिशीत मिनिटं दिलेली आहेत. आणि निकाल दोन कामाच्या दिवसांत एक्स्चेंजवर यावाच लागतो, त्यात प्रमोटर, संस्था आणि सामान्य भागधारक अशी मतांची फोड असते. सामान्य भागधारकांपैकी किती विरोधात गेले ते सगळ्यांना दिसेल.


संस्थापकांचा जुना सहकारी

ताई, प्रश्नांची प्रत मला पाठवा. शनिवारी त्यांच्याकडे जातोय, समोर ठेवतो. राइट्समधले न घेतलेले शेअर प्रमोटरांनी घ्यायचे, ही गोष्ट मला पटली. ती मी माझी म्हणूनच मांडेन. माझं मत अजून दिलेलं नाही.